डावीकडचा माऊस

३ मार्च, मंगळवार

ह्यांचा मॉनिटर गेला. सकाळी लावला तर नुसता काळा. हे जाऊन चौदा महिने झाले, तेवढे त्याने कसेबसे काढले.

आणि नेमकं कालच लेकीने लिहिलं – "आई, रविवारी दुपारी खेळूया? बाबा आणि मी कॉम्प्युटरवर खेळायचो तो, धनुष्यबाणाचा." हे गेल्यापासून तिने आपणहून मागितलेली ही पहिली गोष्ट. फोनवर मी "जेवलीस का", ती "हो, बरी आहे", संपलं. खेळताना मात्र तिकडे तिच्या शहरातून बापाशी तासन्‌तास बोलायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

रविवारच्या आत नवा हवा.

४ मार्च

मॉनिटर गेल्याचं कळवलं, तर लेकीने यादी पाठवली. दोन मॉनिटर, शिवाय खेळासाठी दोन माऊस. "सारखेच आहेत, कुठलाही घे." सारखेच, तर दोन-दोन कशाला?

दुपारभर फोनवर वाचत बसले. एका मॉनिटरवर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतं, दुसऱ्यावर १६५. म्हणजे पापणी लवेपर्यंत चाळीसेक चित्रं गेलीसुद्धा. हे असलं कुणी शिकवलं असतं तर सातवीत शाळा सुटली नसती माझी.

५ मार्च

आज कुणाशी बोलले नाही. दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हटलं तेवढंच.

६ मार्च, शुक्रवार

दुकानात गेले. विक्रेती लेकीच्याच वयाची. तिने दोन्ही मॉनिटर शेजारी शेजारी लावले. दोन्हीवर तीच गाडी धावत होती. मला फरक दिसेना. "काकू, खरं सांगू? मलाही दिसत नाही. पण असं बोलले तर साहेब घरी बसवतील."

मग माऊस. डाव्या हातात धरला, उजवं बटण दाबलं, भलतंच काहीतरी उघडलं. "काकू, तुम्ही डावखुऱ्या?" नाही. "मग?"

सांगितलं. हे डावखुरे. कॉम्प्युटर मी ह्यांच्यामागे शिकले, ह्यांच्याच खुर्चीत बसून. माऊस होता तिथून हलवला नाही. बटणं ह्यांनी उलटी करून घेतलेली – मला वाटलं, सगळीकडे अशीच असतात.

ती हसायच्या बेतात होती, हसली नाही. म्हणाली, "गेमिंगचे बहुतेक माऊस उजव्या हाताच्या वळणाचे असतात. तुमच्या यादीतले दोन्ही सरळ आहेत, कुठल्याही हाताला चालतील. यादी कुणी केली? विचार करून केलीय."

लेकीने. पण तिला कसं ठाऊक? मला माऊस चालवताना तिने कधी पाहिलेलंच नाही.

दोन्हीतला हलका घेतला. मॉनिटर १४४चा. त्याचा पाय भक्कम वाटला.

७ मार्च

विक्रेती म्हणाली होती, एकदा उजव्या हाताने करून बघा. केलं. तासभर सगळे बाण भिंतीत.

पुन्हा डावीकडे ठेवला.

८ मार्च, रविवार

पहिली वीस मिनिटं फोनवर तिचं नुसतं "इकडे ये", "वाक", "अगं, दार!" मी तीनदा मेले. वाटलं, आता कंटाळेल, पुन्हा म्हणून बोलवायची नाही.

मग मी खांबाआड सरकून एक बाण सोडला, तो लागला.

"बाबा असेच सरकायचे," ती म्हणाली.

दोघी रडत बसलो. तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन दोघींना मारून गेलं. त्यावर हसलो. मग अंधार पडेपर्यंत बोललो.

९ मार्च

लेकीला विचारलं, सरळच माऊस का निवडलेस? उत्तर म्हणून तिच्या टेबलाचा फोटो आला.

माऊस कीबोर्डच्या डावीकडे. जेवते, लिहिते उजव्या हाताने, माझी लेक.