वळून पाहण्याची जागा

प्रिय दादा,

तालमीत मी तोंड उघडलं की तू म्हणतोस, "बोलू नकोस, करून दाखव." म्हणून लिहिते आहे.

तुझ्या नाटकात आपल्या आईची भूमिका देताना म्हणालास, तुझी चाल थेट तिच्यासारखी आहे. मी मूर्खासारखी खूश झाले. मग तू रंगमंचावरच्या दाराशी खडूने फुली मारलीस. इथे थांबायचं, मनात चार मोजायचे, वळून घराकडे बघायचं, मग जायचं. तेवढी एकच जागा मला जमेना. तीन आठवडे तू ती घोटून घेतलीस. सगळ्यांसमोर म्हणालास, "लाकूड आहेस लाकूड! स्वतःची आई घर सोडून जातेय आणि तुझ्या पोटात काही हलत नाही?" प्रकाशवाला खाली बघत वायर गुंडाळत राहिला. शेवटी मी मान वळवायला शिकले. लोक तिथेच रडतात. तुझं दिग्दर्शन म्हणजे तो क्षण, असं छापूनही आलं.

आई खरोखर घर सोडून गेली तेव्हा तू शाळेत होतास. मी पायरीवर चपलेचा बंद लावत बसले होते. ती माझ्या शेजारून उतरली आणि कोपऱ्यापर्यंत सरळ चालत गेली. तू घरी आल्यावर विचारलंस, मागे पाहिलं का तिने? मी पाच वर्षांची. तुझं तोंड बघून हो म्हटलं. मग तू रोज विचारायचास आणि मी रोज हो म्हणायचे.

काल प्रयोगाला तिसऱ्या रांगेत आई बसली होती. तुला दिसली, हे मला विंगेतून कळलं. प्रयोगानंतर ती रंगपटात आली. म्हणाली, "छान करतेस गं. पण मी कुठे थांबले होते? त्याला हे कुणी सांगितलं?" मी रंग पुसत राहिले. तिने तुला भेटायचं म्हटलं. तू मागच्या दाराने निघाला होतास. मी दोनदा हाक मारली.

उद्या मी फुलीवर थांबणार नाही. पडदा उघडला की दिग्दर्शकाचं राज्य संपतं, हे तूच शिकवलंस. चालणार नसेल तर आजच दुसरी नटी बघ. ती वळेल. फक्त आई खरंच वळली होती का असं तिने विचारलं, तर माझा हवाला देऊ नकोस.

अजूनही तुझीच,
धाकटी