तुटलेला धागा आणि तिसरं प्रकरण

सोमवार, ४ सप्टेंबर

तिसरं प्रकरण परत आलं! 'इंग्रजी कवितेतील विणकामाच्या प्रतिमा' — सहा वर्षं घासतेय. समासात मार्गदर्शक बाईंचा लाल शाईतला प्रश्न: 'तुम्ही माग कधी पाहिला आहे का?'

पाहिलाय. शेजारच्या खोलीत आहे. बाबा दिवसभर त्यावर बसून खडखडाट करतात, म्हणून कानात कापसाचे बोळे घालून मी विणकामावर प्रबंध लिहिते. कॉलेजात मात्र 'वडील कापडाच्या व्यवसायात' एवढंच सांगितलंय. कपाळावरची खूण लहानपणी मागावरून उडालेल्या, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची. तिथे सांगते, झोक्यावरून पडले.

बुधवार, ६

बोळे काढले. बाबांना विचारलं, धागा तुटला की काय होतं? कवी म्हणतात, आयुष्य संपलं.

"दिवसातून वीसदा तुटतो. गाठ मारायची, पुढे चालू."

आणि विणून झालेलं कापड मागावरून कापतात तेव्हा? त्यावर मी अकरा पानं मृत्यू लिहिलाय.

"अगं, तो तर आनंदाचा दिवस! आणि सगळं कापत नाही कोणी. उभ्या धाग्यांची टोकं फणीतच ठेवायची, नवा ताणा, म्हणजे नवे उभे धागे, त्यांना गाठी मारून जोडायचा. नाहीतर दोन हजार धागे परत एकेक ओवत बस."

अकरा पानं पाण्यात. वर बाबा म्हणतात, "एवढे शिकलेले कवी, कुणा विणकराला विचारायचं तरी!" मीही सहा वर्षांत आजच विचारलं होतं.

शनिवार, ९

सगळं नव्याने लिहिलं. हात दुखतोय.

शुक्रवार, १५

बाई चक्क खूश! 'सहा वर्षांतलं पहिलं जिवंत प्रकरण.' फक्त एक तळटीप हवी — ही माहिती दिली कोणी?

बाबांचं नाव, आडनाव लिहिलं. आडनाव माझंच, लग्नानंतरही न बदललेलं. सगळ्या विभागाला कळणार. खोडलं. लिहिलं: 'एका अनुभवी विणकराशी झालेली चर्चा.' स्वतःची लाज वाटली. तरी तशीच प्रत पाठवली.

रविवार, १७

बाबांनी आज माझ्या नवऱ्याला समोर बसवून अख्खं प्रकरण मराठीत समजावून घेतलं. तळटिपेसकट. मग चष्मा पुसत मला म्हणाले, "छान लिहिलंस. पण त्या विणकराचं नाव टाकायला हवं होतंस गं. बरं वाटलं असतं त्याला."