डावखुऱ्या पाकळ्या

सान लुकास, ३ ऑक्टोबर १९८७

चि. एल्विरास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीच्या बाप्तिस्म्यासाठी आईने टर्की राखून ठेवली आहे, पण ज्यातलं पाणी तिच्या डोक्यावर घालायचं ते पात्रच राहील असं दिसत नाही. सरकारी माणसांनी चर्चमधलं आपलं निळ्या फुलांचं पात्र उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, तीनशे वर्षांचं आहे, चौदा तारखेला संग्रहालयात नेणार. गावाच्या तोंडचं पाणी पळालं आहे. आपण दोघंही त्यातल्याच पाण्याने भिजलो. बाबा तेवढे दाराबाहेर थांबायचे आणि लोक त्यांना नास्तिक म्हणायचे.

जुनी भांडी ओळखणं हेच तुझं काम ना? मग हे जुनं नाही असं लिहून दे. शिकलेली बहीण कधीतरी उपयोगी पडू दे. फोटो सोबत आहेत.

लोभ नंतर कर, उत्तर आधी धाड.
तुझा दादा, क्रिसोफोरो


पुएब्ला, ७ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

खोटं मी लिहिणार नाही. झिलई दुधासारखी, निळा रंग जाड, भट्टीत भांडं ज्यावर टेकवतात त्या तिवईचे तीन व्रणही जागच्या जागी. सगळं जुन्यासारखंच.

मग भिंगाखाली फोटोतल्या पाकळ्या पाहिल्या. प्रत्येक फटकारा उजवीकडून निघून डावीकडे निमुळता होतो. असा हात डावखुऱ्याचा, आणि असा एक कुंभार आपल्याच घरात जेवायचा. आईला विचार, पण सांभाळून.

आईला नमस्कार, तुझ्यावर राग नाही.
एल्विरा


सान लुकास, १४ ऑक्टोबर

चि. एल्विरास आशीर्वाद.

आईने आधी मलाच झापलं. मग सांगितलं. त्यांच्या लग्नाच्या वर्षी बाबांनी जुनं पात्र तडा सांधायला घरी आणलं आणि ते हातून निसटलं. त्यांनी आपल्या डाव्या हाताने हुबेहूब दुसरं घडवलं, तुकडे भट्टीच्या भिंतीत चिणले. आज आईने पात्र न्यायला आलेल्या साहेबांसमोर ती भिंत फोडायला लावली. तुकड्यांवरच्या पाकळ्या उजव्या हाताच्या निघाल्या. साहेब तुकडे घेऊन गेले, पात्र राहिलं. बाबांना नास्तिक म्हणणारे मान खाली घालून उभे होते.

खोट्या पात्रातून पोरांना देव लाभेल का, ही भीती बाबांना जन्मभर होती. म्हणून ते दाराबाहेर उभे राहून आपल्यासाठी माफी मागायचे. आज त्यांची फार आठवण येते.

लेकीला घेऊन ये. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चचं दार सताड उघडं ठेवा, असं मी पाद्रीबाबांना सांगून आलो आहे.

सगळ्यांची वाट पाहणारा,
दादा