दोनदा हजेरी

५ ऑगस्ट १९७४
लेक्चरर झालो! इतिहासाचे मधुकरराव आजारी, म्हणून दिवाळीपर्यंत त्यांच्या जागी मी. एकदा आत शिरलो की बाहेर कोण काढतो? बाबांना रामटेकला कार्ड टाकलं: प्रोफेसर झालो, या एकदा ऐकायला. धाकटी बहीण जया माझ्याच वर्गात. तिला बजावलं, कॉलेजात दादा म्हणायचं नाही.

६ ऑगस्ट
पहिलं लेक्चर. तासाभराचा मजकूर दहा मिनिटांत संपला. माझा स्पीडच फार! उरलेला वेळ हजेरी घेतली. सावकाश, आडनावासकट.

८ ऑगस्ट
पहाटे उठून वाचायचं ठरवलं होतं. जाग आली नाही, पावसाची थंडी वाजत होती. वर्गात उशिरा आलेल्यांसाठी म्हणून पुन्हा हजेरी. दुसऱ्या खेपेला एकटी जयाच 'यस सर' म्हणाली. घरी तिला सांगितलं, यानं शिस्त लागते. ती पोळ्या लाटत राहिली.

१३ ऑगस्ट
जयानं वर्गात शंका विचारली. मला जे येतं तेच तिनं विचारलं. उत्तर फर्स्ट क्लास दिलं. जेवताना तिच्याकडे बघवेना. ताटं उचलताना ती एवढंच म्हणाली, "वाचून येजो गा दादा."
उद्यापासून नक्की.

१७ ऑगस्ट, शनिवार
बाबा न कळवता आले, शेवटच्या बाकावर बसले. आज पानिपत. मराठे दिल्लीपर्यंत नेले, पुढे शब्द आठवेना. हजेरी घेतली. संपली. परत घेतली. पोरं खिदळायला लागली, दारात प्रिन्सिपल वामनराव. जयाची मान खाली.
बसस्टँडवर बाबांचे डोळे भरलेले. म्हणाले, "मले मास्तर शाळेच्या ओट्याखाली बसवे गा, साऱ्यायपासून दूर. हजेरीत माहं नाव त्यानं कधी घेतलं नाही. तू साऱ्यायचं घेतलं. दोनदा घेतलं."
लाज वाटली. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बस हलेपर्यंत हसत उभा राहिलो.

१९ ऑगस्ट
वामनरावांनी बोलावलं. म्हणाले, हजेरी चांगली घेता, ऑफिसात क्लार्कची जागा आहे. मी म्हटलं, विचार करतो. आधी एक लेक्चर दणकून देऊन दाखवतो. जयाला पहाटे उठवायला सांगितलंय.

२० ऑगस्ट
तिनं उठवलं. चहा केला, पुस्तक उशाशी ठेवलं. मी म्हटलं, पाच मिनिटं. जागा झालो तेव्हा ती कॉलेजला गेली होती.

२२ ऑगस्ट
ऑफिसात रुजू. पहिलं काम, इतिहासाच्या वर्गाचं नवं हजेरीपत्रक. एकही नाव बघावं लागलं नाही.