काळ्याखालचा मोरपंखी

सर, तुमची सायकल गेल्या महिन्यात होटगीच्या घराच्या माळ्यावरून खाली काढली. आई आता माझ्याकडे सोलापुरात असते, म्हणून ते घर रिकामं करायचं होतं. टायर विरले होते, चेन गंजून आखडली होती आणि काळ्या रंगाचे जागोजाग पोपडे सुटले होते. ते बघून पहिल्यांदा मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. वाटलं, सरांनी तेव्हा जरा नीट रंगवली असती तर.

तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवायचात. शाळेचा सूचनाफलक रंगवायचा होता तेव्हा तुम्ही नववीच्या आम्हा मुलींच्या हातात दोन दिवस नुसता पॉलिश पेपर दिलात. मी कंटाळून ब्रश उचलला, तर सगळ्यांसमोर तो काढून घेतलात. "घासल्याबिगर रंग धरत न्हाय. गुळगुळीतावर लावशील तर पोपडा होऊन पडंल." मला ते बोलणं फार लागलं होतं. म्हणूनच बहुधा शब्दन् शब्द लक्षात राहिला.

दहावीनंतर माझं कॉलेज अडलं. सकाळची पॅसेंजर सोलापुरात पोचेपर्यंत कॉलेजचे पहिले दोन तास होऊन जायचे, आणि वडील म्हणाले होते, एवढं शिकलीस, पुरे झालं. त्या दिवशी तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभे आहात. आई भाकरी थापता थापता थांबते. बाहेर बघून म्हणते, "गुरुजी, दांड्याची सायकल हाय की. पोर चढणार कशी?" तुम्ही म्हणता, "चढंल की. चढली की कॉलेज येईस्तोवर उतरायची न्हाय." वडील आतल्या खोलीत हे ऐकून हसतात, आणि तिथेच माझं कॉलेज ठरतं.

मी धावत बाहेर गेले आणि माझा चेहरा पडला. तुमची सायकल सगळ्या होटगीला माहीत होती. वाकड्या हँडलची, मोरपंखी रंगाची, जोडांवर हाताने ओढलेल्या बारीक पिवळ्या रेघा. तरुणपणी तुम्ही तिच्यावर शर्यतींत उतरला होता आणि रोज मऊ फडक्याने तिला पुसायचात. ती समोर उभी होती, पण काळी. तेलरंगाचा वास अजून येत होता. "आता कुणी वळखायचं न्हाय," तुम्ही म्हणालात, "तुझी हाय म्हणून सांग." मला वाटलं, सायकल दिली पण रंग द्यायचं जिवावर आलं. सोळा वर्षांच्या मुलीला गुरुजींची सायकल घेऊन फिरताना बघून गाव काय काय बोललं असतं, हे मला फार पुढे, स्वतःची मुलगी मोठी होताना कळलं.

तो काळा रंग दिवाळीपर्यंतही टिकला नाही. मी तुमच्याकडे आले आणि जरा खोचकच बोलले, "सर, तुमचा रंग निघाला की." तुम्ही बोटाने पोपडा चाचपलात. उरलेला डबा आणि ब्रश माझ्या हाती देत म्हणालात, "वरनं एक हात मार. घासायचं मात्र न्हाय." मला तो तुमचा आळस वाटला. पुढे कॉलेज संपेपर्यंत मी हेच करत राहिले आणि मैत्रिणींना सांगत राहिले, आमचे चित्रकलेचे सर, पण रंगकाम बघा. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात.

आता सायकल सोलापुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी नखाने एक पोपडा उचलला आणि चष्मा वर केला. "बाई, खाली असली रंग हाय, कंपनीचा. एक वरखडा नाय. काळं लावणाऱ्यानं घासलंच नाय बगा." मग बांबूची पातळ कामटी घेऊन ते बसले. कोमट साबणाच्या पाण्यात फडकं भिजवायचं, काळं मऊ करायचं, कामटीने अलगद उचलायचं. मोरपंखी बाहेर येत गेला. रेघासुद्धा. मी स्टुलावर बसून बघत होते आणि सूचनाफलकाचे ते दोन दिवस आठवत होते. ज्या माणसाने आमच्याकडून लाकूड आरशासारखं घासून घेतलं, त्याला पॉलिश पेपर सापडला नसेल? तुम्हाला घाई असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. जे नव्हतं ते तुमच्या पदरात घालायला नको म्हणून. पण "घासायचं मात्र न्हाय" हे घाईतल्या माणसाचं बोलणं नाही. रंग तुम्ही मला तेव्हाच दिला होता. फक्त गावाच्या नजरेपुरता झाकून.

मिस्त्री पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापाशी आले आणि थांबले. त्याची डावी बाजू पार लोखंडापर्यंत उघडी होती. मिस्त्रींचं काम सोपं व्हावं म्हणून त्याआधीच्या रविवारी मी ती पॉलिश पेपरने घासली होती, तुम्ही शिकवलं तशी, अगदी आरशासारखी. काळ्यासोबत फडक्यावर हिरवंनिळं उतरत होतं, तरी मी थांबले नव्हते. "आन् हे कुणी घासलं वो?" त्यांनी विचारलं. रंग मिळवून लावू का, म्हणाले, कळणार बी नाय. मी नको म्हटलं. गंज चढू नये म्हणून नुसतं मेण लावून तसंच ठेवायला सांगितलं.

पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, सर. मी म्हणाले, आधीच्या मालकांनी घासलं असेल.

उद्या सायकल आणायला जायचं आहे. तेव्हा त्यांना खरं सांगेन, असं इथे लिहिणार होते. लिहीत नाही. आधी सांगून येते.