स्वतःचे वेगळे खाते

तळेगाव ढमढेरे
बुधवार, १८ जून २०२५

प्रिय वैष्णवी,

तुला सलाम, तुझ्या सासूबाईंना नमस्कार आणि लेकीला पापा. इकडे सगळे बरे आहेत, अम्मीचा गुडघा सोडून. तो जिना दिसला की दुखतो आणि लग्नाला जायचं म्हटलं की ठणठणीत होतो.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझं सुरू, 'विभागप्रमुखांशी बोलून ठेवलंय, तू फक्त ये.' म्हणून हा कागद. मुजीबभाई उद्या दौंडला चाललाय, त्याच्या हाती देते.

माझं नवं काम काय, हे अब्बांना अजून नीट सांगता येत नाही. बाजारात कुणी विचारलं की म्हणतात, "पोरगी पुण्याच्या कंपनीत हाय. लोकांना प्रश्न इचारती." त्यामुळं अर्ध्या गावाला मी शिरगणतीवाली वाटते. निमोण्यात एका आजीनं तर माझ्यापुढं रेशनकार्डच ठेवलं. मी युजर रिसर्चर आहे, मोबाइलवरचं ॲप वापरताना माणूस कुठं अडखळतो ते शेजारी बसून बघते आणि बनवणाऱ्यांना सांगते, असं त्यांना समजावलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं. मंग नातवाचं नाव कवा चढंल?"

ग्रंथालयातल्या प्रगतीकडून कळलं की तू सोमवारच्या मुलाखतीला बसणार नाहीस. इतकी वर्षं आपण दोघी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत राहिलो, आता कुठं एक कायमची जागा निघाली, आणि तू म्हणतेस, अफरीन आधी पीएचडी झाली, जागा तिची. ती नाइलाजानं कंपनीत गेली, येईल परत.

उत्तर देते. पण आधी राहू गावातली गोष्ट.

आम्ही खतं मागवायचं एक ॲप बनवतोय. ते घेऊन मी तिथले शेतकरी मच्छिंद्र आप्पा यांच्या ओसरीवर गेले होते. त्यांच्या थोरल्या मुलाच्या, सत्यजीतच्या हातात फोन दिला. पहिल्याच पानावर बटण होतं : 'स्वतःचे वेगळे खाते तयार करा'. वाक्य माझं, शुद्धलेखन निर्दोष. सत्यजीतनं ते मोठ्यानं वाचलं. आप्पांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"ताई, आमच्यात अजून खातेफोड झाली न्हाई," ते म्हणाले. "मी जित्ता हाय तवर व्हनार बी न्हाई. तुमाला कुनी धाडलं?"

सत्यजीतच्या आई, झुंबरबाई, चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तशाच आत वळल्या आणि पदर डोळ्याला लावला. त्या घरात आप्पांच्या दोन्ही मुलांत जमीन वेगळी करायची खरोखरच कुजबुज चालू होती. आप्पांना वाटलं, सत्यजीतनंच मला आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या प्रबंधात सात-बाऱ्याच्या शब्दांवर अख्खं प्रकरण आहे, खातेफोडीसकट. मुद्रितं तूच तपासलीस. त्यानंतर ते कुणी उघडलं असेल तर कपाटातल्या वाळवीनं.

आप्पांची समजूत काढायला दुपार गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक जण म्हणाला, एका शब्दानं एवढं काय होतंय? मग मी त्यांना 'खातं' शिकवलं. जमिनीचं, बँकेचं, सरकारी, आणि शेवटी घर फुटण्याचं. त्यांनी जेवण लांबवून ऐकलं. आठवड्यात बटण बदललं. आता तिथं 'माझं नाव नोंदवा' असं आहे. मी पुन्हा राहूला गेले, तर आप्पांनी स्वतः अंगठ्यानं ते दाबलं आणि म्हणाले, "आता कसं, मान्सावानी बोलतंय."

वैष्णवी, त्या दिवशी मी जीपमध्ये परत येताना गुणगुणत होते. फोनवर मी तुला कामाचा ताण सांगते, साहेबांचं इंग्रजी सांगते, डब्याचे हाल सांगते. हे सांगत नाही. मला हे काम आवडतं. मी नाइलाजानं गेले नव्हते. गेले तेव्हा थोडी भीती होती, आता तीही नाही.

वर्गाची आठवण येते, खोटं नाही बोलत. पोरं कविता ऐकताना खिडकीबाहेर बघायची, तेसुद्धा आठवतं. आणि आपण दोघींनी एकाच विभागात म्हातारं व्हायचं ठरवलं होतं, ते मी तुला न विचारता मोडलं. त्याचं वाईट वाटतं, म्हणून तर इतके महिने जीभ रेटली नाही.

पण तू बसली नाहीस म्हणून ती खुर्ची माझी होणार नाही. तिसरंच कुणीतरी येऊन बसेल आणि तू त्याच्या हाताखाली तासिका घेत राहशील. माझ्या नावानं तसं काही करून ठेवू नकोस. मला ते पेलणार नाही.

सोमवारी जा. निळी साडी नेस, पांढरीत तू घाबरलेली दिसतेस. माझ्याबद्दल विचारलं तर बिचारी म्हणू नकोस. ती येणार नाही, तिला तिकडं करमतंय, एवढंच सांग. तुझ्या तोंडून ते निघालं की मलाही खरं सुटल्यासारखं वाटेल.

कॉलेजची नसलेली,
तुझी मात्र होती तशीच,
अफरीन