चादरीचं दुसरं टोक

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्यासाठी मागची खोली झाडून ठेवलीस, खिडकीला नवा पडदा लावलास, हे वाचून इथे वाफेत उभ्या उभ्या मला झोपच आली. तुझं म्हणणं खरं आहे. नवरा गेला, मूलबाळ नाही, केस पिकले. दिवसभर इस्पितळाच्या तळघरात चादरी धुवायच्या आणि संध्याकाळी पोरासोरांच्या बाकावर गुडघे मुडपून बसायचं, यात काय शहाणपण? पण दहावी झाले तर वर वॉर्डात मदतनीस म्हणून घेतील, असं मुकादमाने कबूल केलंय. वॉर्डाला खिडक्या आहेत गं. तळघरात इतकी वर्षं काढली की माणसाला खिडकीची पण हाव सुटते.

मागच्या खेपेला गणितात आपटले. या खेपेलाही आपटले तर गाठोडं बांधून तुझ्याकडे येते, मग म्हातारपणभर तुझी बोलणी खाते. गणितात एक क्ष म्हणून असामी आहे. तो कुठे आहे, केवढा आहे, कुणाला पत्ता नाही, आणि अख्खा वर्ग त्यालाच शोधत बसतो. मला आमचे दाजी आठवले. लग्नानंतर तू सुट्टीच्या दिवशी भिंत रंगवायला काढलीस की असेच गायब व्हायचे.

मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं. माझ्या समोरच्या टोकाला जी आहे तिला आम्ही तोफ म्हणतो, कारण तिला हळू बोलताच येत नाही. माझं पुस्तक तिने मशीनवर उघडून ठेवलंय. टोकाला टोक भिडलं की एक प्रश्न विचारते. उत्तर चुकलं तर चादर सोडत नाही. स्वतः शाळेत एक वर्ष गेलीय, पण रागावते अशी की जणू तिनेच पुस्तक लिहिलंय.

दाजींना नमस्कार. तुझे पाय दाबायला मी नाही म्हणून कुरकुर करू नकोस.

तुझी,
भिंगरी


२ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर सुधारलंय, अक्कल तशीच आहे. दाजींना क्ष वाचून दाखवला. ते हसले आणि लगेच बाहेर गेले.

पेन कुठे गेलं सापडेना, म्हणून पेन्सिलीने लिहितेय, समजून घे. इकडे सगळं ठीक. चहा हल्ली दाजी करतात. चहा कसला, गरम पाणी रुसून बसलेलं असतं. मागच्या खोलीच्या खिडकीतून समोरची गच्ची दिसते. तिथे एक बाई रोज कपडे वाळत घालते. चादर पिळताना दुसरं टोक धरायला तिला कुणी नाही, मग कठड्याला अडकवून पिळते. मला तुझी आठवण येते.

खोली तयार आहे. परीक्षा काय, देणारे कितीतरी जण आहेत जगात. थकली असशील तर ये. मी काही विचारणार नाही.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे मोठा घोटाळा झालाय. आमच्या वर्गाच्या बाई शाळेच्या जिन्यावरून पडल्या. मला लेक असती तर तिच्या वयाच्या, अंगात पाव किलो मांस नाही, पण शिस्तीला कडक. कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आल्या कुठे, तर आमच्याच इस्पितळात. महिनाभर उताणं पडून राहायचंय. वर्ग बंद. बदली शिक्षक मिळेना. परीक्षा मार्चात.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बाईंची दया नंतर आली. आधी वाटलं, संपलं, आता ताईचा पडदा.

मग तोफ म्हणाली, आधी बाईंना मऊ चादर पाठव. हे तुला ठाऊक नाही. नव्या चादरी पुठ्ठ्यासारख्या असतात, जो महिनोन्‌महिने पडून आहे त्याची पाठ सोलून निघते. धुऊन धुऊन विरलेल्या चादरी फडक्यांसाठी फाडायच्या असा नियम आहे, पण आम्ही त्यातल्या चांगल्या बाजूला काढतो. बाकी सगळ्या चादरींची घडीची कडा बाहेर, या मऊ चादरींची उघडी कडा बाहेर. गठ्ठा वर गेला की वॉर्डातल्या बायांना बरोबर कळतं, ही पडून असलेल्यासाठी. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला तोफेने दाखवलं, तिला तिच्या आधीच्या बाईने.

बाईंना हलता येत नाही, म्हणजे माणूस पलंगावर असतानाच चादर बदलायची. ते पण दोघींचंच काम. एकीने कुशीवर वळवून धरायचं, दुसरीने अर्धी चादर गुंडाळत सरकवायची, मग उलट. वॉर्डात हात कमी पडतात. तोफेने मुकादमाच्या कानात (म्हणजे अख्ख्या तळघरात) ओरडून सांगितलं की रोज दुपारी आम्ही दोघी जाणार. तो बिचारा हो म्हणाला, कान चोळत.

पहिल्या दिवशी बाईंना वळवलं तेव्हा त्या दात-ओठ आवळून कण्हल्या, आणि त्याच दमात विचारलं की दिलेली गणितं सोडवली का. ताई, मी सोडवली नव्हती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेव्हापासून वर्ग तिथेच. डाव्या कुशीवर असल्या की भिंतीकडे बघत प्रश्न, उजव्या कुशीवर आल्या की तोफेच्या पोटाकडे बघत उत्तर. कागद तोंडावर धरून लिहून दाखवतात. उताणं पडून पेन चालत नाही, शाई उलटी उतरते, म्हणून पेन्सिल. ओळी सगळ्या उतरत्या, उजवीकडे घसरलेल्या. सिस्टरने विचारलं, एक चादर बदलायला एवढा वेळ? मी म्हटलं, कोपरा नीट बसत नाहीये. आता ती रोज जाता जाता विचारते, बसला का कोपरा. आणि थांबत नाही, पुढे जाते. ती कळून न कळल्यासारखं करते, हे मला कळतं.

पेन सापडलं का तुझं? की त्यानेच दाजी चहा ढवळतात?

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. मी येते.

बाईंना ताप भरला, आठवडाभर शिकवणं बंद. इकडे साथ आहे, चादरी दुप्पट. हाताची सालं निघालीत, पेन धरलं की झोंबतं. काल गठ्ठ्यावर डोकं टेकलं ते तोफेने हलवलं तेव्हा उठले. ओरडली नाही ती. नुसती माझ्या वाटच्या चादरी घडी करत होती, एक टोक खुर्चीला बांधून. ते बघून मला रडूच आलं.

कशासाठी एवढं, ताई? एक खिडकी. बाईंना आज सांगितलं की मी परीक्षेला बसत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. आता तुझा पडदा लावलेला असू दे, मी पुढच्या आठवड्यात गाडीत बसते. तू म्हणाली होतीस, विचारणार नाही. नको विचारूस.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

येऊ नकोस. मागच्या खोलीत दाजींनी सामान भरलंय, पाय ठेवायला जागा नाही.

लहानपणी मास्तरांनी तुला पुढच्या वर्गात घातलं आणि वडिलांनी शाळेतून काढलं, तेव्हा तू पाटी घेऊन कोठीत जाऊन बसली होतीस. जेवायला मी बोलावलं तर म्हणालीस, गणित अर्धं राहिलंय. तेव्हा मी तुला ओढून जेवायला नेलं. आता ओढणार नाही. अर्धं ठेवून माझ्या दारात आलीस तर दार उघडणार नाही. पास हो, नापास हो, पण पेपर देऊन ये. हाताला तेल लाव. त्या बाईंची माफी माग.

जास्त लिहीत नाही, हात दुखतो. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस, मला कामं असतात.

तुझी,
ताई


१८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. गणितात काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. बाईंनी काठी टेकत येऊन निकाल सांगितला. तोफ म्हणाली की तिने विचारलेलेच प्रश्न आले होते, म्हणजे अर्धे मार्क तिचे. तोफेने माझ्या पुस्तकावर आता स्वतःचं नाव घातलंय, आणि बाईंकडे वर्गाचा दिवस विचारून आली. एक तारखेपासून मी वॉर्डात. खिडक्या पुसून ठेवायला सांगितल्यात.

आता तुझ्याकडे वळते. बाईंचा कागद आणि तुझी पत्रं मागच्या आठवड्यात शेजारी ठेवून बघितली. तीच पेन्सिल, त्याच उजवीकडे घसरलेल्या ओळी. पेन सापडत नाही म्हणे! पेन समोर पडलेलं असेल, उताणं पडून चालत नाही म्हणून सापडत नाही. चहा दाजी करतात. गच्चीवरची बाई तुला रोज दिसते, म्हणजे तू रोज मागच्या खोलीत असतेस. सामान भरलंय म्हणालीस, ते सामान म्हणजे तू. मी डोळे फाडून क्ष शोधत होते आणि तो तुझ्याच पलंगावर होता.

दाजींना वेगळं पत्र घालून विचारलं. ते लबाड नाहीत तुझ्यासारखे, त्यांनी कबूल केलं. नोव्हेंबरअखेरीपासून पाठ धरलीय, उठता येत नाही. मी हाताशी हवी म्हणून आधी ये ये म्हणत होतीस. आणि मी येते म्हटल्यावर मात्र दार लावून घेतलंस. बाईंना रोज कुशीवर वळवताना मला कधी वाटलं नाही की तिकडे माझ्या ताईला वळवायला कुणी नाही.

रागावले आहे. रविवारी पोचते. मुकादमाने रुजू व्हायच्या आधी सुट्टी दिलीय. तोफेने फडक्यांच्या ढिगातून त्याच्यादेखत दोन मऊ चादरी काढल्या, त्याने घड्याळाकडे बघितलं. घडी उघड्या कडेची आहे. दुसरं टोक दाजींनी धरायचं, मी शिकवते. मला जावं लागलं तरी त्यांना जमलं पाहिजे. चुकले तर तोफेसारखी चादर सोडणार नाही, सांगून ठेव. या खेपेला गायब व्हायचं नाही.

खिडकी मला इथे मिळाली, तुझी तू ठेव. पडदा मात्र बाजूला कर, आणि पलंग थोडा सरकवून घे, मला पलीकडून वाकायला जागा हवी.

लोभ आहेच, तो वाढवत बसू नकोस. अंग जरा हलकं ठेव, म्हणजे मला वळवायला बरं.

तुझीच,
भिंगरी